फ्लडलाइट कॅमेरा बंद पडतो तेव्हा: दोष शोधण्याचा क्रम

बाहेरच्या भिंतीवर लावलेला स्मार्ट फ्लडलाइट कॅमेरा म्हणजे एका खोक्यात बांधलेली तीन उपकरणे असतात: झोताचा दिवा, कॅमेरा आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. तिघांना वीज एकाच तारेतून मिळते, पण कॅमेऱ्याला त्याशिवाय वाय-फाय लागते, आणि चित्र तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचायला इंटरनेट व कंपनीचा सर्व्हर लागतो. त्यामुळे ‘कॅमेरा चालत नाही’ या एका वाक्याचे पाच-सहा वेगळे अर्थ निघू शकतात, आणि त्यातला नेमका कोणता हे ठरवल्याशिवाय केलेली प्रत्येक खटपट म्हणजे अंधारात मारलेला दगड ठरतो.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्याकडचा कॅमेरा संध्याकाळनंतर वारंवार ऑफलाइन जाऊ लागला, तेव्हा मी तीन आठवड्यांत तो चार वेळा रीसेट केला, राउटरची जागा दोनदा बदलली आणि अ‍ॅप किती वेळा काढून पुन्हा टाकले याची तर मोजदादच नाही. दोष यांपैकी कशातच नव्हता. तो कुठे होता ते दुसऱ्या पायरीत येईल. पुढचा क्रम तारेने वीज मिळणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आहे. बॅटरी किंवा सौर पॅनेलवरच्या कॅमेऱ्यांना तिसऱ्या पायरीपासून पुढचे सारे लागू पडते. फक्त कडाक्याच्या थंडीचे लक्षात ठेवावे: शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला घातक असते, म्हणून बरेच कॅमेरे अशा वेळी चार्जिंग स्वतःहून थांबवतात, आणि तो बिघाड नव्हे.

सुरुवात करण्यापूर्वी हे जवळ ठेवा

- खरेदीची पावती आणि वॉरंटीचे कार्ड, किंवा त्यांचे फोटो.
- मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि क्यूआर कोड असलेल्या चिकटपट्टीचा फोटो. ही पट्टी अनेकदा कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असते आणि भिंतीवर बसवल्यावर दिसेनाशी होते. तुमचा कॅमेरा अजून खोक्यात असेल, तर हा फोटो आत्ताच काढून घ्या.
- वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा पासवर्ड.
- वीज तपासण्याचा टेस्टर, शक्य असल्यास मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, न डगमगणारी शिडी आणि ती धरणारा माणूस.
- मऊ सुती फडके, टॉर्च आणि एक वही.

१. आधी लक्षण लिहून काढा

वही कशाला, असे वाटेल. पण निम्मे निदान तिच्यातच होते. अ‍ॅप उघडण्यापूर्वी कॅमेऱ्याखाली उभे राहून पाहा. कॅमेऱ्यावरचा छोटा सूचक दिवा लागलेला आहे का, असल्यास कोणत्या रंगाचा आणि स्थिर की लुकलुकणारा, हे लिहा. त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो माहितीपुस्तिकेत पाहावा. मग हालचाल केल्यावर झोत लागतो का, अ‍ॅपमध्ये थेट चित्र उघडते का, आणि काल रात्रीचे रेकॉर्डिंग आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. झोत लागतो पण चित्र नाही, तर वीज पोहोचते आहे आणि संशय नेटवर्कवर येतो. चित्र दिसते पण सूचना येत नाहीत, तर वीज आणि नेटवर्क दोन्ही बहुधा ठीक आहेत. झोत आणि चित्र दोन्ही बंद असतील, तर राउटरला हातही लावू नका, कारण प्रश्न विजेचा आहे.

यासोबत वेळही लिहा. ओळखीच्या एका घरात कॅमेरा रोज रात्री साडेदहाच्या सुमारास बंद पडे आणि सकाळी सहाच्या आसपास आपोआप सुरू होई. घरातले आजोबा झोपण्यापूर्वी सवयीने बाहेरच्या दिव्याचे बटण बंद करत होते, एवढीच ती गोष्ट. जुन्या दिव्याच्या जागी कॅमेरा बसवला की जुने बटणही त्याच्याच वाट्याला येते, आणि त्या बटणावर घरातल्या प्रत्येकाचा हात बसलेला असतो. बटणावर झाकण बसवा किंवा निदान चिकटपट्टी तरी लावा.

२. वीज

येथे एक इशारा आधी दिला पाहिजे. तारांच्या जोडाला हात लावण्याचे ज्ञान तुम्हाला नसेल, तर ही पायरी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तो येईल तेव्हा काय तपासायला सांगायचे, एवढे मात्र तुम्हाला ठाऊक असावे. स्वतः करणार असाल, तर भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला सर्किट तोडणारा खटका, खाली पाडा, टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर लावून तो काम करतो याची खात्री करा, आणि मगच कॅमेऱ्याच्या तारा तपासा. तारेच्या रंगावर विसंबू नका, कारण आधी कोणी काय जोडून ठेवले आहे हे रंग सांगत नाही.

पहिली शंका एमसीबीवर किंवा गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीसीबीवर घ्यावी. पावसानंतर आरसीसीबी पडत असेल, तर जोडपेटीत पाणी शिरल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी तो पुन्हा पुन्हा वर करून पाहणे धोक्याचे आहे. दुसरी शंका बटणाच्या प्रकारावर घ्यावी. प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर, टायमर किंवा स्वतंत्र हालचाल-सेन्सर असलेले बटण या कॅमेऱ्याच्या वाटेत नसावे. कॅमेऱ्याला चोवीस तास अखंड वीज लागते, आणि दिवा कधी लावायचा हे तो स्वतः ठरवतो.

तिसरी शंका सैल जोडावर, आणि माझे तीन आठवडे याच शंकेने खाल्ले. दिवसा माझा कॅमेरा अगदी व्यवस्थित चाले. संध्याकाळनंतर मात्र कोणी फाटकातून आत आले की झोत क्षणभर लागे, विझे, आणि पुढची दीड-दोन मिनिटे कॅमेरा ऑफलाइन दिसे. मी त्याचा दोष रात्रीच्या इंटरनेटला देत राहिलो. शेवटी इलेक्ट्रिशियनने कॅमेरा भिंतीवरून उतरवला आणि न्यूट्रलच्या जोडाला नुसते बोट लावले, तर तार अलगद बाहेर आली. तिचे तांबे टोकाला काळे पडले होते, वरचे प्लास्टिक बोटभर तपकिरी होऊन आक्रसले होते आणि कनेक्टरच्या आतला स्क्रू अर्धाच आवळलेला होता. कॅमेरा एकटा चालू असतो तेव्हा तो मोजके काही वॉट घेतो, तेवढा भार असा सैल जोड कसाबसा पेलतो. झोत लागला की भार एकदम कित्येक पटींनी वाढतो, जोडावरच व्होल्टेज पडते, आणि कॅमेऱ्याला पुरेशी वीज न मिळाल्याने तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ही परीक्षा तुम्हाला शिडीवर न चढताही करता येते. अ‍ॅपमध्ये थेट चित्र उघडा आणि झोत अ‍ॅपमधूनच लावा. ठीक त्याच क्षणी चित्र तुटत असेल, आणि हे दर वेळी घडत असेल, तर राउटरच्या नादी न लागता तारांचे जोड तपासून घ्या. तापून काळा पडलेला जोड आगीचेही कारण ठरू शकतो, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

३. वाय-फाय

वीज ठीक आहे असे ठरल्यावरच येथे या. बहुतेक फ्लडलाइट कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, काही ५ गिगाहर्ट्झवरही चालतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, पण भिंत ओलांडताना तो लवकर थकतो. बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या उपकरणासाठी २.४ हाच भरवशाचा. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल, तर जोडणी करताना मोबाइल एका पट्ट्यावर आणि कॅमेरा दुसऱ्यावर अशी गफलत होऊ शकते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ च्या पट्ट्याला वेगळे नाव द्या आणि जोडणीपुरता मोबाइलही त्याच नावाला जोडा.

सिग्नल किती पोहोचतो हे कॅमेऱ्याच्याच अ‍ॅपमध्ये पाहावे. बहुतेक अ‍ॅप्समध्ये उपकरणाच्या माहितीत हा आकडा उणे डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात) दिलेला असतो. उणे ५० ते उणे ६० चांगला, उणे ७० च्या आसपास काठावरचा, आणि त्याहून खाली गेला की चित्र अडखळणार. आकडे किरकोळ वाटतात, पण १० डीबीचा फरक म्हणजे सिग्नलची शक्ती एक दशांश होणे. मोबाइल हातात धरून ‘इथे तर सगळ्या दांड्या दिसतात’ असे म्हणणे हा सर्रास आढळणारा सापळा आहे. मोबाइल खाली, तुमच्या हातात असतो. कॅमेरा तीन मीटर उंचीवर, धातूच्या पत्र्याला चिकटून आणि भिंतीच्या पलीकडे असतो.

सिग्नल कमी असेल, तर मध्ये काय येते ते पाहा. लोखंडी सळयांचे काँक्रीट, धातूचे दार, पत्र्याचे शटर आणि पाण्याची टाकी या चार गोष्टी वाय-फायच्या वैरी आहेत. कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो, तेव्हा रात्री कोणते लोखंडी दार लावले जाते हा प्रश्न स्वतःला विचारा. राउटर जमिनीवरून उचलून खिडकीजवळ खांद्याच्या उंचीवर ठेवल्याने फरक पडतो, आणि तेवढ्याने भागले नाही, तर मधल्या खोलीत मेश किंवा एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फाय पुढे पोहोचवणारे उपकरण, लावावा. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ ठेवू नये. राउटरचा चांगला सिग्नल जिथवर येतो तिथेच तो ठेवला, तरच पुढे नेण्यासारखे त्याच्याकडे काही असेल.

राउटरमधील आणखी काही गोष्टी भराभर तपासता येतात. सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ असेल, तर अनेक कॅमेरे जोडलेच जात नाहीत. तो डब्ल्यूपीए २ किंवा दोन्हींचा मिश्र प्रकार ठेवा. २.४ च्या पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी एक वाहिनी निवडा, कारण या तिन्ही एकमेकींवर चढत नाहीत, आणि १२ किंवा १३ वर गेलेला राउटर काही उपकरणांना दिसतच नाही. वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. इंटरनेटचा वेग मोजताना डाउनलोडचा आकडा पाहून समाधान मानू नका, कारण कॅमेरा चित्र वर पाठवतो, तेव्हा अपलोडचा वेगच त्याच्या कामाचा. १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी सुमारे २ मेगाबिट प्रतिसेकंद मोकळे असावेत.

एवढे करूनही शंका उरली, तर दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर सुरू करून तो कॅमेऱ्याखाली ठेवा आणि कॅमेरा तात्पुरता त्याला जोडा. तिथे तो तासभर सुरळीत चालला, तर कॅमेरा निर्दोष आहे आणि कसर राउटरमध्ये किंवा अंतरात आहे. राउटरच बदलायचा असेल, तर नव्याला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे सुरक्षेचा प्रकारही तोच असल्यास कॅमेरा बहुधा आपणहून जोडला जाईल.

४. अ‍ॅप आणि खाते

घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर कॅमेरा दिसतो आणि तुमच्यावर दिसत नाही, असे असेल तर दोष तुमच्या मोबाइलमध्ये आहे. व्हीपीएन बंद करा. जोडणीच्या वेळी अ‍ॅपला लोकेशन आणि स्थानिक नेटवर्कची परवानगी द्या. सूचना येत नसतील, तर मोबाइलची बॅटरी वाचवणारी सोय त्या अ‍ॅपसाठी काढून टाका, कारण पार्श्वभूमीतल्या अ‍ॅपला झोपवून ठेवणे हेच तिचे काम आहे. कॅमेऱ्याचा टाइमझोन चुकलेला असेल, तर ‘सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत’ हे वेळापत्रक भर दुपारी सुरू होते. फर्मवेअर (कॅमेऱ्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आणि ते चालू असताना वीज तोडू नका. वापरलेला कॅमेरा घेतला असेल आणि तो आधीच कोणाच्या तरी खात्याला जोडलेला दिसत असेल, तर आधीच्या मालकाने तो स्वतः काढून टाकल्याशिवाय अनेक कंपन्यांचे कॅमेरे पुढे सरकत नाहीत. अशा वेळी रीसेट करून उपयोग होत नाही.

५. न येणाऱ्या आणि नको असलेल्या सूचना

सेन्सर कसा पाहतो हे कळले, की अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात. पीआयआर प्रकारचा सेन्सर चित्र पाहत नाही. तो समोरच्या जागेचे अदृश्य पट्टे पाडतो आणि शरीरातून निघणारी उष्णतेची किरणे एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली, की जागा होतो. यातून तीन गोष्टी निघतात. आडवा चालत जाणारा माणूस त्याला लगेच कळतो, पण थेट त्याच्याच दिशेने येणारा उशिरा कळतो. म्हणून कॅमेरा वाटेच्या टोकाला, वाटेकडे तोंड करून लावण्यापेक्षा वाटेच्या बाजूला लावावा. बाहेरचे तापमान शरीराच्या ३७ अंशांच्या जवळ पोहोचले, की माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरक पुसट होतो, आणि ऐन उन्हाळ्यात सेन्सर मंदावल्यासारखा वाटतो. आणि साधी काच ही किरणे अडवते, त्यामुळे खिडकीआडून पीआयआर काहीच ओळखत नाही.

काही कॅमेरे पीआयआरऐवजी किंवा त्याच्या जोडीने चित्रातल्या बदलांवरून हालचाल ओळखतात. त्यांना झाडाची हलणारी सावली, पाऊस आणि गाडीच्या दिव्यांची तिरीप हे सारे पाहुणेच वाटतात. आपल्या कॅमेऱ्यात कोणता प्रकार आहे हे पुस्तिकेत पाहून मग संवेदनशीलतेला हात लावा. पीआयआर एअर कंडिशनरच्या बाहेरच्या खोक्यातून येणाऱ्या गरम हवेला फसतो, चित्रावर चालणारा फांदीला फसतो, आणि दोघांचे औषध वेगळे आहे.

माझी पद्धत अशी. संध्याकाळी एकाने मोबाइल धरायचा आणि दुसऱ्याने नेहमीच्या चालीने फाटकापासून दारापर्यंत यायचे. सूचना आली की तो जिथे असेल तिथे फरशीवर खडूने फुली मारायची. सूचना पोहोचायला एक-दोन सेकंद जातात, तेवढी पावले मागे मोजायची. पाच-सहा फेऱ्यांत सेन्सरची खरी हद्द जमिनीवर उमटते, आणि अ‍ॅपमध्ये दाखवलेल्या निळ्या चौकटीशी तिचा मेळ क्वचितच बसतो. मग सेन्सर किंचित खाली झुकवा किंवा चौकट बदला, पण एका फेरीत एकच बदल करा. उंची अडीच ते तीन मीटर ठेवावी. त्याहून वर गेल्यास डोक्याचे केस दिसतात, चेहरा दिसत नाही.

६. धूसर, पांढरे किंवा लुकलुकणारे चित्र

रात्रीचे चित्र एकाएकी पांढरट झाले, तर सर्वांत आधी कोळी शोधा. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. दिवसा ते दिसतही नाही, पण रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश त्यावरून परततो आणि साधा तंतू दोरखंडाएवढा दिसतो. जाळे मऊ ब्रशने काढा, भिंग ओलसर सुती फडक्याने पुसा. छज्जा किंवा बाजूची भिंत चित्राच्या कडेला येत असेल, तरीही असेच धुके दिसते. कॅमेरा थोडा फिरवला की ते जाते.

भिंगाच्या आतून बाष्प दिसत असेल, तर प्रश्न बाहेरून पुसण्यापलीकडचा आहे. खोक्यावर आयपी ६५ लिहिलेले असले, तर त्यातला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो आणि ५ पाण्याच्या झोतापासून. हे संरक्षण रबरी सील जागेवर असेल तोवरच. भिंतीशी येणारी वरची कड आणि दोन्ही बाजू सिलिकॉनने बंद करा, पण खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत शिरलेले पाणी वाट काढून जाईल. बाहेरून येणारी तार कॅमेऱ्याच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या. थेंब तिथून गळतात, तारेवरून ओघळत आत शिरत नाहीत.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील, तर अ‍ॅपमधील वारंवारता तुमच्या देशातील विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झ करा. झोत स्वतःच लागत-विझत राहत असेल, तर त्याचाच प्रकाश समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून उजेडाच्या सेन्सरवर पडत असावा. त्याला दिवस उजाडला असे वाटते, तो दिवा बंद करतो, अंधार होतो आणि पुन्हा लावतो.

७. रेकॉर्डिंग सापडत नाही

साठवण क्लाउडवर असेल, तर योजनेची मुदत संपली का ते पाहा. मेमरी कार्डावर असेल, तर ते कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधूनच फॉरमॅट करा, आणि सतत लिहिण्यासाठी बनवलेलेच कार्ड घ्या. साधे कार्ड रोजच्या पुनर्लेखनाने काही काळात झिजते आणि बहुतेक वेळा काही न सांगताच झिजते.

८. रीसेट, पण सर्वांत शेवटी

रीसेटने सेटिंग, वेळापत्रके आणि दोषाच्या खुणा एकदमच पुसल्या जातात. म्हणून त्याआधी हवे ते रेकॉर्डिंग उतरवून घ्या, प्रत्येक सेटिंगचा स्क्रीनशॉट काढा आणि क्यूआर कोडचा फोटो हाताशी आहे याची खात्री करा. बटण किती सेकंद दाबायचे हे मॉडेलवर अवलंबून असते. कमी दाबले तर कॅमेरा नुसता पुन्हा सुरू होतो आणि आपण रीसेट केला असे समजून बसतो.

नव्याने जोडताना कारखान्यातून आलेला पासवर्ड असेल, तर तो त्याच बैठकीत बदला आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावा. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ असे मूळचे पासवर्ड वापरून पाहत.

९. कंपनीकडे तक्रार

येथवर आलात, तर तुमची वही आता कामाला येते. ग्राहकसेवेला मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, सिग्नलचा आकडा, सूचक दिव्याचा रंग, हॉटस्पॉटवर काय झाले आणि झोत लावताच काय झाले हे एकाच संदेशात लिहून पाठवा. अन्यथा ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ येथून त्यांचा क्रम सुरू होतो आणि चार दिवस त्यातच जातात. कॅमेऱ्याचे सीलबंद खोके स्वतः उघडू नका. वॉरंटी जाते आणि पाण्यापासूनचे संरक्षणही. बदली कॅमेरा मंजूर झाला, तर जुना परत पाठवण्यापूर्वी तो तुमच्या खात्यातून काढून टाका आणि त्यातले मेमरी कार्ड काढून घ्या. कार्डाची खाच अनेकदा तळाच्या रबरी झाकणाखाली असते आणि पॅकिंगच्या घाईत नेमकी तीच नजरेतून सुटते.